वाळल्या फांदीचा मालक : गुन्हा, वर्ग आणि मार्क्सवादी दृष्टी

गुन्ह्याविषयीच्या मार्क्सवादी विचाराची ओळख बहुधा एका वाक्यात उरकली जाते : दारिद्र्यातून गुन्हा जन्मतो, म्हणून दारिद्र्य हटले की गुन्हाही हटेल. हे वाक्य काही मार्क्सवाद्यांनी खरोखरच मांडलेले असल्यामुळे ते परके ठरवता येत नाही. परंतु त्या विचारपरंपरेतील ते सर्वांत दुबळे वाक्य आहे, आणि ते उच्चारण्यासाठी मार्क्सची गरजही नव्हती, कारण एकोणिसाव्या शतकातले कितीतरी धर्मोपदेशक आणि दानशूर सुधारक तेच सांगत होते. मार्क्सवादी दृष्टीचा स्वतःचा असा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. एखादे कृत्य गुन्हा आहे हे कोणी ठरवले, केव्हा ठरवले, आणि ज्या सुमारास ते ठरले त्या सुमारास मालमत्तेचे स्वरूप कसे पालटत होते, हा तो प्रश्न होय. 'वर्ग' या संज्ञेचा अर्थही येथे श्रीमंत, मध्यम आणि गरीब अशा उत्पन्नाच्या पायऱ्यांपुरता नाही. जमीन, जंगल, यंत्रे आणि कच्चा माल या उत्पादनसाधनांशी माणसांच्या समूहाचे जे नाते असते, म्हणजे ती कोणाच्या मालकीची आहेत आणि कोणाला केवळ आपले श्रम विकून जगावे लागते, त्या नात्याला वर्ग म्हटले जाते. नाते बदलले की कालचा रिवाज आज चोरी ठरू शकतो, आणि तो तसा ठरतो कसा हे पाहण्यासाठी एका अगदी किरकोळ वस्तूपासून, जंगलात पडलेल्या काटक्यांपासून, आरंभ करणे सोयीचे आहे.

प्रशियाच्या आधिपत्याखालील ऱ्हाइन प्रांताच्या सहाव्या प्रांतिक सभेपुढे 1841 मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे लाकूडचोरीसंबंधीचे विधेयक आले. या सभेत सरंजामदार, शहरे आणि ग्रामीण भाग यांचे प्रतिनिधी बसत असले तरी प्रतिनिधित्वाला जमीनमालकीची अट असल्याने ज्यांच्या सरपणाचा प्रश्न चर्चेला होता त्यांच्यापैकी कोणी तेथे असण्याची शक्यताच नव्हती. उभे झाड तोडणे, मालकाने तोडून रचलेले लाकूड उचलणे आणि आपोआप गळून पडलेल्या वाळक्या फांद्या वेचणे ही तीन वेगवेगळी कृत्ये या विधेयकाने 'चोरी' या एकाच नावाखाली आणली. पुढच्या वर्षी कोलोन येथील 'ऱ्हाइनिशे त्साइटुंग' या दैनिकाचा चोवीस वर्षांचा नवा संपादक, कार्ल मार्क्स, याने 25 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर 1842 या काळात पाच हप्त्यांत या चर्चेची चिरफाड केली. त्याचा युक्तिवाद कायदेपंडिताच्या बारकाईचा होता : उभे झाड तोडणारा मालमत्तेपासून काहीतरी वेगळे काढतो, परंतु गळालेली फांदी निसर्गानेच झाडापासून वेगळी केलेली असते, मालकाची मालकी झाडावर आहे आणि ती फांदी आता झाडाची राहिलेली नाही. शिवाय जे चोरी नाही त्याला कायदा चोरी म्हणू लागला, तर लोकांच्या मनात खऱ्या चोरीचीही लाज उरत नाही, हा त्याचा इशारा होता.

(येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 378 च्या स्पष्टीकरणात नेमकी उलटी वाट घेतलेली आढळते : जमिनीला जोडलेली वस्तू जोवर जोडलेली आहे तोवर ती चोरीचा विषय होत नाही, आणि जमिनीपासून वेगळी होताच ती चोरीयोग्य होते. तुटलेपणाने मार्क्सच्या लेखी मालकी सुटते, संहितेच्या लेखी चोरीची शक्यता तेथून सुरू होते. दोन्ही तर्क आपापल्या जागी सुसंगत आहेत, आणि म्हणूनच केवळ तर्काने असा प्रश्न सुटत नाही.)

त्या लेखमालेतील सर्वांत मोलाचा भाग दंडाविषयीचा आहे. पकडलेल्या माणसाने लाकडाची किंमत तर भरावीच, वर नुकसानभरपाई द्यावी, आणि दंडाची रक्कमही सरकारी खजिन्याऐवजी जंगलमालकाच्या पदरात पडावी, अशी ती योजना होती. दंड भरण्याची ऐपत नसेल तर गुन्हेगाराचे श्रम मालकाच्या उपयोगी पडावेत अशीही सोय होती. लाकडाची किंमत ठरवणारा जंगलरक्षक मालकाचाच नोकर, आणि त्याची नेमणूक तहहयात असावी ही सूचना सभेला पसंत पडली नाही, कारण नोकरी कायम झालेला रक्षक मालकाच्या मर्जीत राहीलच असे नाही. याचा परिणाम असा की जी वाळकी फांदी बाजारात जवळजवळ कवडीमोल होती तीच चोरीला गेल्यावर मालकाला उत्पन्न देऊ लागली. शिक्षेचा अधिकार हा सार्वजनिक अधिकार असतो; तो खासगी मालकाच्या हिशोबवहीत जमेच्या बाजूला लिहिला गेला. याच चर्चेत गरिबांची मुले जंगलातली रानफळे वेचतात त्याचा विषय निघाला, तेव्हा आपल्या भागात या फळांचा व्यापार सुरू झाला असून ती पिंपे भरभरून हॉलंडला रवाना होतात, असे एका प्रतिनिधीने सांगितले. वेचण्याची मनाई नेमकी का निघाली याचे याहून प्रांजळ उत्तर त्या सभागृहात कोणी दिले नसेल. बाजार जंगलापर्यंत पोचला आणि त्याच्या पाठोपाठ गुन्हा पोचला.

हा प्रश्न मूठभर काटक्यांचा नव्हता. प्रशियात 1836 साली चाललेल्या 2 लाखांहून थोड्या अधिक फौजदारी खटल्यांपैकी सुमारे दीड लाख खटले लाकूडचोरी व जंगलविषयक अपराधांचे होते. थंडीच्या प्रदेशात सरपण म्हणजे ऊब आणि शिजलेले अन्न, हे लक्षात घेतले तर एवढे लोक एकाएकी अनीतिमान झाले असे मानण्यापेक्षा त्यांच्या पायाखालची जमीन कायद्याने सरकवली असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तरीही 1842 मधला मार्क्स अजून मार्क्सवादी नव्हता हे विसरता कामा नये. राज्यसंस्था ही सर्वांच्या हिताची, विवेकाची मूर्ती असते आणि जंगलमालक तिला भ्रष्ट करतात, अशी त्याची तक्रार हेगेलच्या चौकटीतली होती. या चर्चांनीच आपल्याला प्रथम भौतिक हितसंबंधांच्या अडचणीच्या प्रश्नात ओढले, अशी कबुली त्याने 1859 मध्ये एका प्रस्तावनेत दिली.

पंचवीस वर्षांनी, 1867 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडात हाच धागा इंग्लंडच्या इतिहासात परत येतो. सामाईक जमिनींना कुंपणे घालून त्या मेंढ्यांच्या कुरणांसाठी खासगी केल्या गेल्या आणि हजारो कुळे रस्त्यावर आली. शहरांतले उद्योग एवढ्या हातांना काम देण्याइतके वाढलेले नव्हते, आणि मग जमिनीवरून हुसकावलेल्या याच माणसांना भटके आणि भिकारी म्हणून फटके, डागण्या आणि 1547 च्या कायद्यान्वये गुलामीसुद्धा भोगावी लागली. मार्क्स या प्रक्रियेला 'आदिम संचय' म्हणतो, म्हणजे भांडवलशाही स्वतःच्या पायावर उभी राहण्यापूर्वी बळजबरीने झालेली साधनांची आणि मजुरांची जमवाजमव. फौजदारी कायदा या कथेत पहारेकऱ्याचे काम करतोच, पण शाळामास्तराचेही करतो : माणसांना ठरावीक वेळी, ठरावीक मजुरीवर, दुसऱ्याच्या हुकमतीखाली राबण्याची सवय तो लावतो.

पीटर लाइनबॉ या इतिहासकाराने अठराव्या शतकातील लंडनमध्ये फासावर गेलेल्यांचा अभ्यास करताना याच प्रक्रियेची शहरी बाजू उजेडात आणली. थेम्सकाठच्या जहाजबांधणीच्या गोद्यांत सुतारांना लाकडाचे उरलेले तुकडे घरी नेण्याचा पूर्वापार हक्क होता आणि तो त्यांच्या कमाईचाच भाग समजला जाई. धक्क्यांवर सांडलेली साखर आणि तंबाखू यांचेही तसेच. वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर पॅट्रिक कहून याने 1798 मध्ये वॉपिंग येथे नदीपोलिसांचे ठाणे उभारले, दोनच वर्षांत संसदेने ते सरकारी केले, आणि 1801 मध्ये शाही गोद्यांतील तुकड्यांचा हक्क काढून त्याऐवजी रोख पैसे देण्याचे ठरले. मजुरी निव्वळ पैशात मोजली जावी यासाठी आधी वस्तुरूप मोबदल्याला चोरी म्हणावे लागले. आधुनिक पोलिसांच्या कुळकथेत हा अध्याय फारसा सांगितला जात नाही.

मालमत्तेच्या खालच्या बाजूला कायद्याची नजर अशी तीक्ष्ण होत असताना वरच्या बाजूला तिचे काय होत होते, हा या विचाराचा दुसरा पाय आहे. मार्क्सचा सहकारी एंगल्स याने 1845 मध्ये इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर लिहिताना 'सामाजिक हत्या' ही संज्ञा वापरली : ज्या परिस्थितीत माणसे अकाली मरणार हे माहीत आहे तीच परिस्थिती जाणूनबुजून कायम ठेवणे, ही मारेकरी दिसत नसला तरी हत्याच होय. 'भांडवल'च्या कामाच्या दिवसावरील प्रकरणात लेनर्ड हॉर्नर आणि इतर कारखाना-निरीक्षकांचे अहवाल मार्क्सने पानोपानी वापरले आहेत. कामाच्या तासांचा कायदा मोडल्याबद्दल मालकांवर खटले भरले जात, परंतु निवाडा करणारे न्यायाधिकारी पुष्कळदा स्वतःच गिरणीमालक असत. स्टॉकपोर्टच्या एका खटल्यात चौघांपैकी तिघे सूतगिरणीवाले होते, त्यांनी आरोपीला निर्दोष सोडले, आणि त्यांच्यातल्या प्रमुखाने लगोलग तीच बेकायदा पाळीपद्धत आपल्या गिरणीत सुरू केली. कायदा मोडला गेला, पण तो मोडणाऱ्याला गुन्हेगार म्हणण्याची पद्धत पडली नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड मार्क्सवादी नव्हता. तरी 1939 मध्ये त्याने 'पांढरपेशा गुन्हा' ही संज्ञा रूढ केली तेव्हा बोट याच जागेवर ठेवले होते. भोपाळच्या 1984 च्या वायुकांडाचा खटला भारतीय वाचकाला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होण्यावर आणला, आणि 2010 मध्ये जी शिक्षा झाली ती दोन वर्षांची.

या दोन पायांच्या मानाने तिसरा पाय, म्हणजे गुन्ह्याच्या कारणांचा सिद्धांत, लंगडा राहिला. डच अभ्यासक विलेम बोंगर याने 1905 मध्ये भांडवलशाहीतली स्पर्धा माणसांतील परोपकारवृत्ती मारते आणि आत्मकेंद्रितपणा वाढवते, तोच गुन्ह्याचा उगम होय असे प्रतिपादन केले. विधान चुकीचे नसेल, परंतु एकाच चाळीत, एकाच पगारावर राहणाऱ्या दोन भावांपैकी एक चोर होतो आणि दुसरा का होत नाही, किंवा स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक गरीब असूनही तुरुंगात पुरुषच का भरलेले असतात, याचे उत्तर त्यात सापडत नाही. मार्क्सने आणि एंगल्सने स्वतः शहरातल्या चोरट्यांविषयी कधी करुणा दाखवली असेही नाही. वर्गाच्या तळाशी साचलेल्या, संघटित श्रमाशी नाते नसलेल्या आणि प्रतिगाम्यांना भाड्याने मिळणाऱ्या गाळाला त्यांनी 'लुंपेन प्रोलेटरिएट' म्हणून हिणवले. चोराला बंडखोर मानण्याची हौस पुढच्या पिढ्यांची आहे. ती फिटायला 1980 चे दशक उजाडले, जेव्हा जॉन ली आणि जॉक यंग यांच्यासारख्या ब्रिटिश डाव्या अभ्यासकांनी आपल्याच गोटाला सुनावले की घरफोडी आणि मारहाण यांची झळ सर्वाधिक लागते ती गरीब वस्तीलाच.

शिक्षेच्या बाबतीत मात्र मार्क्सवाद्यांनी कामाची हत्यारे दिली. गेओर्ग रुशे आणि ओटो किर्शहाइमर यांच्या 1939 मधील ग्रंथाने फटके, हद्दपारी, सक्तमजुरी आणि कोठडी या शिक्षांच्या पद्धती श्रमबाजाराच्या भरती-ओहोटीशी जोडून दाखवल्या : कामकरी हातांचा तुटवडा असला की शिक्षा देहाला जपते आणि श्रमाला जुंपते, हात ओसंडू लागले की ती देहाची पर्वा सोडते. तुरुंगातले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षा वाईटच असले पाहिजे, नाहीतर तो धाक कसला, हे तत्त्वही त्यांनी उघड केले. बाहेरची मजुरी खालावली की आतली भाकरी आपोआप वाळते.

या विचारपरंपरेची सर्वांत कठोर परीक्षा तिच्या विरोधकांनी घेतली नाही, ती तिच्याच नावाने चालणाऱ्या राज्याने घेतली. सोव्हिएत संघात 7 ऑगस्ट 1932 रोजी निघालेल्या फर्मानाने सामूहिक शेतांची मालमत्ता पवित्र आणि अलंघ्य ठरवली, आणि तिच्या चोरीला देहदंड, किंवा सौम्य परिस्थितीत दहा वर्षांची कैद, ही शिक्षा सांगितली. कापणी झालेल्या शेतात पडून राहिलेली कणसे वेचणाऱ्या भुकेल्या शेतकऱ्यांवर हे फर्मान चालवले गेले, म्हणून लोकांनी त्याला कणसांचाच कायदा म्हटले. मराठी शेतकरी ज्याला सरवा म्हणतो तोच हा सरवा. ऱ्हाइनच्या सभेने वाळक्या फांदीचे जे केले तेच मॉस्कोने गळल्या कणसाचे केले, आणि ते खासगी मालकी नष्ट केल्यानंतर केले. यावरून मार्क्सचे 1842 चे विश्लेषण खोटे ठरत नाही, उलट त्याची धार वाढते. परंतु मालकी राज्याकडे गेली की गुन्ह्याची व्याख्या आपोआप न्याय्य होईल ही आशा मात्र तेथे संपते. मार्क्सवादी इतिहासकार एडवर्ड थॉम्सन याने 1975 मध्ये इंग्लंडच्या 1723 च्या 'काळ्या कायद्या'चा इतिहास लिहिला. काळे फासलेल्या चेहऱ्यांनी हरणे मारणाऱ्यांपासून झाडे तोडणाऱ्यांपर्यंत सुमारे पन्नास कृत्यांना ज्या कायद्याने फाशीची धमकी दिली, तो कायदा वर्गहिताचे हत्यार होता हे शेकडो पाने सिद्ध केल्यावर थॉम्सन शेवटी सांगतो की सत्तेला स्वतःच्याच नियमांनी बांधून घेणारे कायद्याचे राज्य ही मात्र मानवजातीची निखळ कमाई आहे. अनेक मार्क्सवाद्यांना तो शेवट रुचला नाही. कणसांचा कायदा आठवला की थॉम्सनचेच पारडे जड वाटते.

ऱ्हाइनच्या जंगलाची वाट हिंदुस्थानात येते ती केवळ उपमेच्या अंगाने नव्हे. ज्या बॉन शहराच्या विद्यापीठात मार्क्सने 1835 मध्ये कायद्याचे शिक्षण सुरू केले, त्याच शहरात 1824 मध्ये जन्मलेला डीट्रिख ब्रांडिस 1864 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला, आणि त्याच्यानंतर त्या खुर्चीवर बसलेले श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच होते. रेल्वेच्या रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांची भूक त्या काळात अफाट होती. 1878 च्या वनकायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी विभागणी केली आणि राखीव वनांत जे स्पष्टपणे दिले नाही ते सर्व निषिद्ध ठरवले. ब्रांडिस स्वतः गावांच्या रूढ हक्कांना जागा ठेवावी या मताचा होता. सरकारचा हक्क हाच खरा, बाकीच्या केवळ सवलती, असे मानणाऱ्या बी. एच. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे कायद्यात उतरले. 'हक्क' आणि 'सवलत' या दोन शब्दांच्या मधल्या फटीतून सह्याद्रीतली लाखो माणसे अपराधी होऊन बाहेर पडली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या रोपांसाठी राब भाजावा लागे आणि राबासाठी झाडांचा टहाळ लागे. टहाळ तोडणे हा अपराध झाल्यावर असंतोष इतका वाढला की 1885 मध्ये मुंबई सरकारला वनचौकशी आयोग नेमावा लागला. त्याच सुमारास, 1883 मध्ये, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात गायराने गिळणाऱ्या जंगलखात्याची झाडाझडती घेतली. फुल्यांना मार्क्स वाचण्याची गरज पडली नाही. कोंडवाड्यात अडकलेली गुरे त्यांना दिसत होती.

तरीही युरोपातून आलेली वर्गाची चौकट येथे एका जागी अपुरी पडते, आणि ते मान्य केल्याशिवाय मराठी वाचकापुढे हा विषय मांडता येत नाही. 1871 च्या 'गुन्हेगार जमाती' कायद्याने, जो 1911 च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्याला लागू झाला, कृत्याऐवजी जन्मालाच गुन्हा ठरवले. या जमातींपैकी लमाण-बंजाऱ्यांसारख्यांची कथा आदिम संचयाच्या सूत्रात नीट बसते : बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहणाऱ्यांचा धंदा रस्त्यांनी आणि रेल्वेने बुडवला, आणि धंदा बुडालेला फिरस्ता सरकारला संशयित वाटू लागला. पारधी, कैकाडी, उचल्या यांना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड ठेवून, हजेरी घेऊन कामाला लावण्यात आले. त्या जागेला आजही 'सेटलमेंट' म्हणतात, आणि त्या शब्दात गिरणगावाला मजूर पुरवण्याची गरज आणि तुरुंग या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. एवढे सारे मार्क्सवादाने उलगडते. परंतु गुन्हा हा वडिलांकडून मुलाकडे जाणारा पिढीजात धंदा आहे ही कल्पना इंग्रज अधिकाऱ्यांच्या गळी इतक्या सहज उतरली ती येथल्या जातिव्यवस्थेने सुताराचा मुलगा सुतार हे सूत्र आधीच तयार ठेवले होते म्हणून. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. त्यांच्या वर्गस्थितीतला फरक मोजका, पण चोरी झाली की पोलिसांनी पहिल्यांदा पारध्याच्या पालावर जावे ही वहिवाट कायद्याबरोबर रद्द झाली नाही, आणि राज्यांनी केलेल्या 'सराईत गुन्हेगार' कायद्यांनी तिला नवे कागद पुरवले. लक्ष्मण गायकवाड यांचे 1987 मधले 'उचल्या' हे आत्मकथन या वहिवाटीची आतली बाजू सांगते. वर्ग बदलून गेलेल्या माणसालाही जो संशय सोडत नाही त्याला केवळ वर्गाचे नाव देऊन भागत नाही.

वनांच्या बाबतीत कायद्याने अखेर आपलीच चूक लिहून ठेवली. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला त्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला, पण गावाने आपल्या जंगलातला बांबू विकायला काढला तेव्हा अडचण पुढे आली ती वनस्पतिशास्त्राची : 1927 च्या वनकायद्याच्या व्याख्येत बांबू हे झाड होते, म्हणून तो लाकूड ठरत होता आणि त्याच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती राहत होता, बांबू हे गवत आहे असे मानले तर तो गौण वनोपज ठरून गावाचा होत होता. एप्रिल 2011 मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे 2017 मध्ये केंद्र सरकारने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू मोकळा करण्यासाठी 'झाड' या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळला. वनक्षेत्राच्या आत वाढलेला बांबू मात्र 1927 च्या कायद्याच्या कक्षेतच राहिला.